नावाच्या चौकटीत

रेडिओ बोलता बोलता मध्येच गप्प झाला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

रेडिओ म्हणजे आमच्या छापखान्यात ब्रेलची पानं छापायचं यंत्र चालवणारा माणूस. यंत्र खडखडत असलं तरी याचा आवाज त्याच्यावर चढलेला. त्या सोमवारी सकाळी तो माझ्या टेबलावर कच्ची पानं ठेवायला आला. शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं त्याची चप्पल कशी पळवली ते रंगवून सांगत होता, आणि कुत्रं जिन्यापर्यंत पोचलं तोच त्याचं वाक्य तुटलं. पुढे चप्पल नाही, कुत्रं नाही, काही नाही. मला वाटलं, ठसका लागला असेल.

मी तेव्हा कॉम्प्युटरशी भांडत होते. मला दिसत नाही, जन्मापासूनच नाही. मी मुद्रितं तपासते. डाव्या हाताखाली ब्रेलची कच्ची प्रत, उजवा हात कीबोर्डवर, आणि कानात मशीनमधली बाई. स्क्रीनवर जे असेल ते ती वाचून दाखवते. सकाळी मी खुर्चीत बसायचं, पासवर्ड टाइप करायचा, एंटर दाबायचं, की बाई म्हणणार, "स्वागत आहे." त्या दिवशी बाई बोलेचना. पुन्हा पासवर्ड, पुन्हा एंटर. हूं नाही की चूं नाही.

आता सरळ कुणाला तरी विचारावं की नाही? पण विचारणं माझ्या रक्तात नाही. आंधळी बाई दिवसभर इकडे हात धर, तिकडे वाट दाखव असं करत बसली की लोक आधी दया करतात आणि मग टाळतात, हे मी लहानपणीच शिकले. म्हणून मी अजून जोरात टाइप केलं. मशीन बहिरं असल्यासारखं.

"ताई," रेडिओ शेवटी बोलला, इतक्या हळू की हा त्याचाच आवाज का, अशी मला शंका आली. "तुम्ही जे लिहिताय ना, ते दिसतंय."

"म्हणजे?"

"रोज ठिपके दिसतात. आज अक्षरं दिसताहेत. वर 'नाव' असं लिहिलंय, आणि त्याच्या चौकटीत तुम्ही लिहिलेलं सगळं."

"सगळं?"

"सगळं," तो म्हणाला, आणि त्यानं वाचलंय हे त्याच्या घशातून मला ऐकू आलं.

मी झटकन बॅकस्पेसवर बोट ठेवलं. कारण माझा पासवर्ड होता 'सूनघरबुडवी', आणि पुढे माझ्या मुलाच्या लग्नाचं साल.

आणि माझी सून याच छापखान्यात वरच्या मजल्यावर बसते. इथले सगळे कॉम्प्युटर तिच्याच ताब्यात आहेत.

हे असं कसं झालं ते सांगायला हवं. सून आधी इथली कॉम्प्युटरवाली होती, सून नंतर झाली. माझा मुलगा संध्याकाळी मला न्यायला यायचा, आणि बघता बघता मला न्यायला लवकर यायला लागला. मी खूश होते, मुलाला आईची केवढी काळजी! लग्न झालं तेव्हाही मी खूशच होते. मग काही महिन्यांतच दोघांनी वेगळं बिऱ्हाड केलं. मुलगा म्हणाला, जागा कमी पडते. मी म्हटलं, मला तर कधी कमी पडली नाही. त्याला काही बोलायची सोय नव्हती, आईला मुलगा दोषी कुठे दिसतो! सगळा राग निघाला तो सुनेवर. नेमका त्याच आठवड्यात तिनं सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. "लांब ठेवा," ती सांगत होती. "आकडा हवा. आणि तुमच्या लक्षात राहील असा ठेवा."

राहिला बरं का लक्षात.

पुढे राग ओसरला. एकदा खोदलेल्या रस्त्यात मी पडले आणि गुडघा फोडून घेतला, कुणाला पत्ता लागू दिला नाही. हिला लागला. मुलाला तिनं सांगितलं नाही, मला उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन दारात हजर, आणि तेव्हापासून रोज. गाडीत आम्ही बातम्या ऐकतो, मंत्र्यांना नावं ठेवतो. तिला पालेभाजी निवडता येत नाही हे मला ठाऊक आहे आणि मी ते तिला ऐकवते, ती हसते. मला ती आवडायला लागली होती, हे सरळच सांगते. पण पासवर्ड तोच राहिला. बोटांना सवय झालेली, बदलायचा कंटाळा. त्या शब्दाचा अर्थ मला ऐकूही येत नव्हता, असं मी स्वतःला समजावत होते. रोज सकाळी तिच्या गाडीतून उतरायचं आणि आत येऊन तिला घरबुडवी म्हणायचं, असा माझा नेम चालला होता.

"पुसलं का?" मी बॅकस्पेस दाबत रेडिओला विचारलं.

"नाही."

"आता?"

"ताई, ते खालच्या चौकटीतलं पुसलं जातंय. वरचं तसंच आहे."

"मग माउसनं पुस ना!"

"कुठाय माउस?"

माझ्या टेबलावर माउस नाहीच. मला काय करायचाय? कॉम्प्युटर आला त्याच दिवशी मी तो परत पाठवला होता, उगाच जागा अडवतो म्हणून. रेडिओ दुसरीकडचा माउस आणायला धावला, आणि त्याच क्षणी टेबलावरचा फोन वाजला.

"आई," सून वरून बोलत होती, "तुम्ही लॉगिनच्या पडद्यावर अडकलाय ना? मला इथून दिसतंय, पुन्हा पुन्हा चुकीचं लॉगिन."

"काय दिसतंय?" माझा आवाज चिरकला.

"कुणीतरी प्रयत्न करतंय एवढंच. शनिवारी मी अपडेट टाकलं. नवा पडदा आधी नाव विचारतो, मग पासवर्ड. आणि तुमच्याकडे त्याचा आवाज मुका राहिलाय. सगळ्यांच्या मशीन्स मी तपासून गेले होते. तुमचं सेशन चालू दिसलं, म्हणून हात नाही लावला."

आता हेही सांगायला हवं. शुक्रवारी तिनं घरोघरी सांगावं तसं टेबलाटेबलाशी येऊन सांगितलं होतं, "जाताना लॉगआउट करा, नुसतं लॉक नको." मी "हो गं" म्हटलं आणि नुसतं लॉक केलं. मी कधीच लॉगआउट करत नाही. लॉगआउट केलं की उघडी फाइल बंद करावी लागते, बंद करायची तर सेव्ह करावी लागते, आणि आमच्याकडे सेव्ह केलेली फाइल थेट रेडिओच्या यंत्राच्या रांगेत जाऊन बसते. अर्धवट तपासलेली फाइल सेव्ह केली की रेडिओ ती छापून मोकळा. म्हणून मी प्रकरण पुरं होईपर्यंत सेव्हच करत नाही. दिवसच्या दिवस माझं सेशन तसंच उघडं राहतं, वर फक्त लॉक.

"आई, ऐका," ती म्हणाली. "तुमचं सेशन जिवंत आहे, मागे चालू आहे. पुढे हा पडदा अडकलाय एवढंच. आत न सेव्ह केलेलं काही असेल तर मी सावकाश सोडवते. काही नसेल तर इथूनच लॉगिनची सगळी व्यवस्था पाडून पुन्हा उभी करते. मिनिटभराचं काम. पण मग मागचं सेशनही जाईल."

आत काय होतं? मालिश आणि व्यायामोपचार शिकणाऱ्या अंध मुलांचं पुस्तक, त्यातलं सांध्यांवरचं सबंध प्रकरण. आकृत्यांची वर्णनं इतकी चुकीची होती की खांद्याचं हाड कमरेला लागलेलं. गुरुवारपासून मी ते एकेक करून सुधारत होते. मुलांची परीक्षा तोंडावर आलेली, आणि पुस्तक त्याच दिवशी छापून निघणार होतं. ते गेलं असतं तर जुनी, चुकीची प्रत छापली गेली असती, आणि ती मुलं दुसऱ्याच्या अंगावर हात ठेवून काम करणार होती.

पण पडदा पाडला तर नावाच्या चौकटीतला तो शब्द जाणार होता. तिच्या नजरेला पडायच्या आत.

"काही नाहीये आत," मी म्हणाले. "पाड."

लाज वाटते सांगायला, पण विचार करायलाही मी क्षण घेतला नाही. मुलांचं पुस्तक एका बाजूला आणि माझी अब्रू एका बाजूला, आणि मी पटकन अब्रू उचलली.

पलीकडे तिचा कीबोर्ड वाजला. "नक्की? इथे तर गुरुवारपासून तुमची फाइल उघडी दिसतेय. आई, तुमचं सांध्यांचं प्रकरण झालं होतं का?"

"झालं असेल."

"असेल म्हणजे? थांबा, मी खाली येते."

"अगं नको, कशाला जिना…" पण फोन बंद झाला होता.

रेडिओ माउस घेऊन धापा टाकत आला. त्याची वायर छोटी निघाली. टेबलाखाली शिरून तो भोक शोधायला लागला, मी वरून "डावीकडे, डावीकडे" करत होते, जसं काही मला दिसतंय. जिन्यावर तिची पावलं वाजली. तिची पावलं मला शंभरांत ओळखू येतात, डावा पाय किंचित घाईचा. "स्क्रीन बंद कर," मी टेबलाखालच्या रेडिओला कुजबुजले. तो उठला, टेबलाच्या कडेला डोकं आपटलं, आणि बटण दाबल्याचा टक् आवाज आला.

"बंद केला, ताई," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. भल्या माणसानं पुढे विचारलंही नाही काही.

सून आली. तिच्या अंगाला गाडीतल्या सीटचा वास असतो, तो आला. "रेडिओकाका, तुम्हाला काय झालं? कपाळ चोळताय."

"काही नाही मॅडम, इथे कुणालाच काही नाही झालेलं," रेडिओ म्हणाला आणि आपल्या यंत्राकडे गेला, पण यंत्र काही त्यानं सुरू केलं नाही.

"स्क्रीन लावू नकोस," मी म्हणाले. "डोळ्यांवर येतो."

डोळ्यांवर येतो! माझ्या! ती हसली. "नाही लावत. तुम्हाला स्क्रीन काय करायचाय, तुम्हाला आवाज पाहिजे. मी माझ्या लॅपटॉपवरूनच करते." शेजारच्या स्टुलावर ती बसली, आणि तिची बोटं चालायला लागली. काम करताना ती पुटपुटते. "लॉगिनच्या पडद्याचा आवाज वेगळा असतो, तुमच्या सेशनचा वेगळा… हा बघा, इथे शून्यावर बसलाय… वाचणारी बाई तर केव्हाची बोलतेय, आई. बिचारी बोलत होती, ऐकूच येत नव्हती."

मला ते कळायला एक क्षण उशीर झाला. "थांब," मी म्हणाले, "आधी ते…"

"झालंच. आता ती सगळा पडदा पहिल्यापासून वाचेल, म्हणजे तुम्हाला कळेल कुठे आहात."

आणि बाई बोलली. ताजा, खणखणीत, स्वच्छ आवाज. सुनेनं माझ्या कानाला त्रास नको म्हणून निवडून आणलेला.

"लॉगिन. नाव: सून घरबुडवी." मग तिनं लग्नाचं साल वाचलं, चारही आकडे, सुटे सुटे. "पासवर्ड: रिकामा."

मी शब्द जोडून लिहिला होता. बाईनं तो नीट तोडून वाचला.

सुनेची बोटं थांबली होती. इतकी वर्षं चुका काढण्याचं काम करतेय मी, दुसऱ्यांच्या. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या खुर्चीत कळलं. चेहरा कुठे लपवायचा हेही आंधळ्या माणसाला नीट कळत नाही. मी हातातली कच्ची पानं उगाच सरळ केली.

"शिफ्ट आणि टॅब," ती म्हणाली. आवाज रोजचाच, फक्त कोरडा. "वरच्या चौकटीत जाल. मग सगळं पुसा."

मी पुसलं. बाई म्हणाली, "नाव: रिकामं."

"आता तुमचं नाव घाला."

घातलं.

"आता पासवर्ड."

माझी बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थिजली. सेशन उघडायचं तर तोच शब्द पुन्हा टाइप करायला हवा होता. ती शेजारी बसलेली, आणि मी काय टाइप करतेय ते तिला अक्षरन् अक्षर माहीत.

"तूच उघड ना," मी म्हणाले. "तुला वरून उघडता येतं. तूच म्हणाली होतीस एकदा."

"येतं. पण माणूस समोर असताना मी कुणाचं लॉक उघडत नाही. साहेबांचंही नाही." स्टूल सरकलं. "मी पाठ करून उभी राहते. घाला."

मी 'स' टाइप केलं. बाई म्हणाली, "ठिपका." प्रत्येक अक्षराला ती "ठिपका" म्हणत होती आणि मला प्रत्येक ठिपक्यामागचं अक्षर ऐकू येत होतं. रोज हा शब्द मी श्वास घेण्याआधी टाइप करायचे. त्या दिवशी तो संपता संपेना. त्याचा अर्थ पहिल्यांदाच मला पुरता कळला.

एंटर. "स्वागत आहे," बाई म्हणाली, आणि जिथे शुक्रवारी थांबली होती तिथून वाचायला लागली, "खांद्याचा सांधा सर्व दिशांना फिरतो."

सगळं जागेवर होतं, एक काना इकडचा तिकडे नाही. राहिलेली दोन पानं मी तपासली, सेव्ह केलं, रेडिओचं यंत्र खडखडायला लागलं. सून तोवर गेली नव्हती. "पासवर्ड बदला," ती म्हणाली. "दुसऱ्यानं ऐकला की बदलायचा असतो. नियम आहे." आणि मग ती वर गेली.

मी बदलायला बसले. घाईघाईत त्याच शब्दाची शेपटी बदलून काहीतरी गोड केलं, 'बुडवी'च्या जागी दुसरं. बाई म्हणाली, "नवा पासवर्ड जुन्याशी फार मिळताजुळता आहे." मशीनलाही माझा गोडवा पटला नाही. शेवटी एक वेगळाच शब्द घातला. तो कोणता, ते आता कुणालाच सांगणार नाही.

संध्याकाळी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. मी काठी घेऊन फाटकाशी उभी राहिले, पायी जायच्या तयारीनं. गाडी आली. दार उघडलं. मी बसले. बातम्या तिनं लावल्या नाहीत.

म्हणावं तर बरंच होतं. तो जुना राग आहे, नुसती बोटांची सवय आहे, आता माझ्या मनात तसं काही नाही. सगळं खरं होतं आणि सगळं पळवाटेसारखं वाटत होतं. "चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

सिग्नलला गाडी थांबली. वळायच्या दिव्याचा टिकटिक आवाज येत राहिला.

"वाईट त्या शब्दाचं नाही वाटलं, आई. तेव्हा तुम्हाला राग होता, ते मला माहीत होतं." तिनं गिअर टाकला. "मी रोज सकाळी तुम्हाला खुर्चीपर्यंत सोडते ना, लगेच नाही जात मी. मागे उभी राहते. एकदा आवाज आला नव्हता तुमच्या मशीनला, आणि तुम्ही कुणाला न विचारता कितीतरी वेळ तशाच बसून होतात. तेव्हापासून बाई 'स्वागत आहे' म्हणेपर्यंत मी थांबते, मग वर जाते. आजच तेवढी साहेबांनी फाटकातूनच हाक मारली."

म्हणजे रोज. रोज मी तो शब्द टाइप करायचे, तेव्हा ती माझ्या पाठीशी उभी असायची. मला ठिपक्यांची खात्री होती, आणि तिला माझ्या मशीनच्या आवाजाची काळजी.

मला रडू आलं नाही. रडण्याचा हक्क माझा नव्हता, एवढं तरी मला कळत होतं. घर आलं, मी उतरले. ती "उद्या नऊला" म्हणते, ते त्या दिवशी म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला हॉर्न वाजला. वाटेत त्याही दिवशी बातम्या नव्हत्या. तिनं मला खुर्चीपर्यंत सोडलं, माझा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि काढून घेतला. मी कान देऊन ऐकत होते, पण रेडिओनं तेवढ्यात यंत्र सुरू केलं, त्यामुळे पावलं गेली की थांबली ते समजेना. मागे वळून विचारायची माझी छाती झाली नाही. मी नाव घातलं. नवा शब्द घातला, सावकाश, एकेक अक्षर. शेवटचं अक्षर चुकलं. पुन्हा पहिल्यापासून घातलं.

"स्वागत आहे," बाई म्हणाली.

मग जिन्यावर पावलं वाजली. डावा पाय किंचित घाईचा.